समोरच्या दुकानाबाहेरची खुर्ची

देनिझली,
ऑक्टोबर, शुक्रवार

आदरणीय नेझाकेत वन्सं यांना मेदिहाचा सलाम.

तुमचे दोन्ही हात आधी ओठांना आणि मग कपाळाला लावते. भावोजींनाही माझा सलाम सांगा. त्यांच्या पाठीचं कसं आहे? तुमच्या गुडघ्याचं मात्र विचारत नाही. मागे विचारलं तेव्हा तीन पानांचं उत्तर आलं, आणि गुडघा बरा आहे हे शेवटच्या ओळीत कळलं. तोवर मी इथे दुआ मागून मागून थकले होते. कोलोनला पाऊस असेलच. इथे ऊन आहे, डाळिंबं आली आहेत, मी बरी आहे. तुमच्या भावाच्या, रूशेनच्या कबरीवरचा गुलाब उन्हाळ्यातून वाचला. दर शुक्रवारी त्याला पाणी घालता घालता मी आठवड्याच्या बातम्या सांगते. आज बातमी लांबली, त्यामुळे पाणी जरा जास्तच झालं.

फोन सोडून पत्र का लिहिते आहे, असं तुम्हाला वाटेल. एक तर तुमच्या कानातलं यंत्र फोनवर शिट्टी मारतं. दुसरं म्हणजे ही बातमी अर्धी ऐकली तर मला फाशी व्हायला हवी आणि पूर्ण ऐकली तर सुटका. शेजारच्या फेरिहाची सून कोलोनला निघाली आहे, तिच्याबरोबर हे पत्र आणि दोन किलो फुटाणे पाठवते आहे. (फुटाणे कमी भरले तर प्रवास लांबचा होता असं समजा, तिला बोलू नका.)

इझमिरच्या मंडळींकडून तुमच्या कानावर आलं असेल की मेदिहाने पोराचा धंदा बुडवला, मॉलमध्ये मारामारी केली आणि रक्षकांनी तिला उचलून बाहेर काढलं. धंदा बुडालेला नाही. मारामारी नव्हती, खुर्ची ओढत होतो. आणि मला कोणी उचललं नाही. मी माझ्या पायांनी बाहेर आले, रक्षकाने फक्त माझी पिशवी धरली होती, तीही मी दिली म्हणून. आधीच सांगून टाकते, सगळं निभावलं. गेल्या आठवड्यापासून मी पोटभर जेवते आहे. आता सावकाश वाचा.

तुम्ही म्हणाल, ‘मुळात हे दुकानच माझ्यामुळे सुरू झालं.’ कोलोनमधल्या प्रत्येक लग्नात तुम्ही हे सांगता असं मला वेगवेगळ्या तोंडांनी कळलं आहे आणि मी कधी नाकारलेलं नाही. त्या उन्हाळ्यात तुमची गाडी टपावर सायकल, गादी आणि इस्त्रीचं टेबल बांधून आमच्या दारात उभी राहिली, आणि तुम्ही रूशेनच्या हातात तो राखाडी, टोपीवाला स्वेटशर्ट आणि नाडीची पँट ठेवली. तोवर तुमचा भाऊ काय शिवायचा हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यांनी शिवलेला कोट खुंटीशिवाय उभा राहायचा. त्यांच्या पँटमध्ये नवरदेवाला बसता येत नसे, लग्नाचे फोटो उभ्यानेच काढावे लागत. लोक कौतुकाने म्हणायचे की रूशेन उस्ताचा सूट घातला की माणूस सरळ होतो. होणारच, वाकायची सोयच नव्हती. त्या संध्याकाळी त्यांनी तुमचे कपडे घातले, दिवाणावर मांडी घालून बसले आणि उठेचनात. मला वाटलं छातीत दुखतंय. मग उठले, पातं घेतलं आणि सगळी शिवण उसवून टाकली. तुम्ही रडलात. ‘अरे, एवढ्या लांबून आणलं, निदान मी परत जाईपर्यंत तरी थांबायचंस!’ आणि रूशेन ते तुकडे वर्तमानपत्रावर मांडत म्हणाले, ‘ताई, जरा बाजूला हो, तुझी सावली पडतेय.’

(त्या वर्तमानपत्रांचे माझ्यावर उपकार आहेत. शाळेत मी दुसरीपर्यंत. पुढचं वाचायला मी रूशेनच्या टेबलाखाली पडलेल्या, पेपरावर बेतून कापलेल्या नमुन्यांवर शिकले. पेपरात रोज कादंबरी छापून यायची, पण मला ती बाहीच्या नाहीतर खिशाच्या आकारात मिळायची. कितीतरी नायिकांना मी काखेपाशी सोडून आले आहे, त्यांचं पुढे काय झालं ते अजून कळलेलं नाही. रूशेन गेल्यापासून मी अख्खी पुस्तकं वाचते. शेवट कळतो, पण त्याची सवय होत नाही.)

असो. पहिल्या नाडीच्या पँटा दुकानात टांगल्या तेव्हा किल्ल्यातला सगळा बाजार बघायला आला आणि कोणीच काही घेतलं नाही. समोरचे टोपीवाले शिनासी उस्ता दारात उभे राहून म्हणाले, ‘रूशेन, दुकान आहे की झोपायची खोली? असे कपडे घालून लोक बाजारात आले तर त्यांना उठवायला माणूस ठेवायचा का?’ आठवडाभर हा विनोद बाजारात फिरला. मग एक ट्रकवाला आला. टॉवेल भरून थेट तुमच्या जर्मनीपर्यंत गाडी न्यायचा. पोट सुकाणूला टेकलेलं आणि कमरेला पट्ट्याचा खोल वळ. तो पडद्यामागे गेला आणि बाहेर येईना. रूशेननी विचारलं, ‘भाऊ, काही अडकलं का?’ पडद्याआडून फक्त एक लांब उसासा आला आणि एकच शब्द, ‘राहत.’ आरामाचा तो शब्दच दुकानाच्या पाटीवर गेला. तो माणूस जुनी पँट तिथेच टाकून गेला, आणि दोन दिवसांनी ट्रकतळावरची निम्मी माणसं घेऊन परत आला.

पुढचं सगळं तुम्हाला उन्हाळ्या-उन्हाळ्याने कळत गेलंच. लोक समजतात की एवढी दुकानं काढायची म्हणजे माणसाने नकाशा पुढ्यात ठेवून विचार केला असेल. आयदनचं दुकान निघालं कारण यांची परतीची बस चुकली आणि वेळ काढायला ज्या पायरीवर बसले त्याच्यामागचा गाळा रिकामा होता. मुला शहरातलं निघालं कारण आमचा मुलगा एर्कुत तिथे लष्करात होता आणि मला त्याला भेटायला जायला कारण हवं होतं. उशाकचं का निघालं हे यांना मरेपर्यंत सांगता आलं नाही. अशी नऊ दुकानं झाली. प्रत्येक उद्घाटनाला मेंढा कापला, गल्लीत वाटला, आणि प्रत्येक वेळी रूशेन परत येताना म्हणाले, ‘मेदिहा, हे शेवटचं.’

आता एक गोष्ट नीट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे, आणि तुम्ही चाळीस वर्षं बाहेर, विसरला असाल. किल्ल्यातल्या बाजारात सकाळी दुकान उघडलं की दारासमोर एक बुटकी खुर्ची ठेवायची. खुर्ची बाहेर आहे म्हणजे या दुकानाची अजून बोहनी झालेली नाही. पहिली विक्री झाली, पैसे हनुवटीला घासले, ‘बोहनी तुमच्याकडून, बरकत अल्लाकडून’ म्हटलं, की खुर्ची आत घ्यायची. यानंतर गिऱ्हाईक आलं तर आधी गल्लीत नजर टाकायची. कोणाची खुर्ची अजून बाहेर दिसली तर गिऱ्हाइकाला म्हणायचं, ‘आमचं झालं, तुम्ही त्यांच्याकडे जा.’ रूशेन या बाबतीत कडक. एकदा ऐन ईदच्या आधी दहा जणांचं कुटुंब दारात आलं होतं आणि यांनी त्यांना शिनासी उस्तांकडे धाडलं. त्यांना टोप्या नकोच होत्या, पण दहाही जण टोप्या घालून गेले.

रूशेन गेल्यावर एर्कुतने मोठी दुकानं घेतली आणि मी बाजारातलं पहिलं, लहान दुकान धरून राहिले. तिथे फारसं काही खपत नाही हे मलाही कळतं. पण घरी चहा केला की हात अजूनही दोन ग्लास काढतो. दुकानात चहावाला एकच आणतो, म्हणून तिथे बरं वाटतं. सकाळी जाते, झाडते, खुर्ची बाहेर ठेवते. कोणी आलं तर विकते. कोणी नाही आलं तर वाचते. दुपारी शिनासी उस्ता काठी टेकत येतात, ‘वहिनी, आज काय वाचलंत?’ विचारतात आणि मी सांगायच्या आत स्वतःच्या लघवीचं सांगतात. असे दिवस जातात, आणि जायला तर हवेतच.

तर गेल्या वसंतात एर्कुतने इस्तंबूलचे हालदुन बे आणले. सूट असा की रूशेननी उठून हात मिळवला असता. हे गृहस्थ ‘राहत’मध्ये अर्धी भागीदारी घेणार, नऊची चाळीस दुकानं करणार, सुरुवात इथल्या मोठ्या मॉलपासून. आणि जी दुकानं कमावत नाहीत ती बंद. न कमावणारं एकच होतं. ते बघायला ते आले, दारातच उभे राहिले (आत जागा होती, त्यांना धूळ नको होती; माझ्याकडे तर त्यांनी बघितलंही नाही) आणि म्हणाले, ‘वाः, हे तर संग्रहालय आहे! हे बंद करू, आणि याचा एक मोठा फोटो प्रत्येक दुकानात लावू.’ म्हणजे दुकान बंद करून दुकानाचा फोटो लावायचा. माणसाच्या बाबतीत आपण तेच करतो, पण आधी माणसाला मरू तरी देतो.

कायद्याने माझा चौथा हिस्सा, त्यामुळे माझी सही लागणार होती. ‘आई, देशील ना?’ एर्कुतने विचारलं. वन्सं, मी त्याच्याकडे बघितलं. ज्याच्या बापाने निम्म्या मुलखाची कंबर सैल केली त्याचा मुलगा गळ्यात टाय आवळून माझ्यासमोर बसला होता. डोळ्यांखाली काळं, बोलताना दात एकमेकांवर घासायचा, ताटातलं तसंच ठेवायचा. मला वाटलं, एवढं जिवावर उदार होऊन मागतोय तर त्याला हे नक्कीच हवं असणार. बापाच्या जागेसाठी मुलाला नाही म्हणायचं कसं? मी म्हटलं, ‘देईन रे.’ नोटरीकडे जायचं ठरलं उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी. घरी येऊन मी दोन ग्लास काढले आणि दोन्ही मीच प्यायले.

उद्घाटनाच्या दिवशी मॉलवाल्यांनी मेंढा आत आणू दिला नाही. (मी आणला नव्हता, नुसतं विचारलं होतं; पण विचारल्यापासून ते माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघू लागले.) मी त्याऐवजी पाकातल्या लोकमाचं मोठं तबक नेलं. दारावरच्या यंत्रातून तेही फिरवलं. पडद्यावर माझे गोळे एकामागून एक सरकत गेले आणि दोन रक्षकांनी ते इतक्या गंभीरपणे पाहिले की मलाच शंका आली. आमचं दुकान वरच्या मजल्यावर. काचा, दिवे, फितीला कात्री, फुलांची चक्रं. हालदुन बेंची दोन माणसं दाराशी हातात टिकटिकणारं यंत्र घेऊन उभी, आत येणारं प्रत्येक डोकं मोजत होती. एर्कुत म्हणाला, ‘आई, पहिली विक्री तुझ्या हातची. तुझा हात चांगला आहे.’ माझ्या छातीवर ‘राहत’ लिहिलेला बिल्ला लावला आणि मला गल्ल्यावर बसवलं.

पहिलं गिऱ्हाईक कॉलेजचा मुलगा, हिरवा स्वेटशर्ट. मी पैसे घेतले, हनुवटीला घासले, जे म्हणायचं ते म्हटलं. झाली बोहनी. जीव शांत झाला. मग सवयीने मान वर करून समोर बघितलं. समोर ‘मेल्तेम’चं दुकान. तुम्हाला माहीत आहे, कपडे आमच्यासारखेच, फक्त महाग. आणि त्यांच्या दाराबाहेर एक मोठी लाल खुर्ची.

दुसरी बाई गल्ल्यापाशी आली. दोन हातांत चार पँटा. मी म्हटलं, ‘बाई, आमची बोहनी झाली. समोरच्यांची अजून व्हायचीय. तिकडे जा.’

‘पण मावशी, मला हेच हवंय.’

‘हेच तिकडेही आहे. ती बघ, त्यांची खुर्ची अजून बाहेर आहे.’

‘खुर्ची?’

‘खुर्ची.’

तिने माझ्याकडे बघितलं, बिल्ल्याकडे बघितलं, मग पँटा ठेवून समोर गेली. डोक्याला रुमाल बांधलेल्या म्हातारीशी आपल्या गावात कोणी वाद घालत नाही, एवढं एक चांगलं आहे. तिच्यामागच्या दोघींनाही मी तेच सांगितलं. एक म्हातारे गृहस्थ होते, ते ऐकूनच उभे राहिले. म्हणाले, ‘ताई, हे शब्द माझ्या वडिलांनंतर आज ऐकले.’ डोळे पुसले आणि समोर जाऊन चांगलं चामड्याचं जाकीट घेऊन आले, मला दाखवायला. मग ही बातमी खाली फराळाच्या मजल्यापर्यंत गेली. लोक मुद्दाम वर येऊ लागले, आमच्या दुकानात शिरायचे, यंत्र टिकटिकायचं, हालदुन बे मान डोलवायचे, लोक गल्ल्यापाशी येऊन म्हणायचे, ‘आजी, आम्हाला पण सांगा ना,’ मी सांगायची, ते हसत समोर जायचे. गल्ल्यावरची दुसरी मुलगी, मर्वे, अधूनमधून माझ्या कानाशी कुजबुजायची, ‘आजी, बास ना आता,’ आणि मी म्हणायची, ‘अगं, खुर्ची बघ.’

एर्कुत तेव्हा मागच्या खोलीत मॉलच्या व्यवस्थापकाबरोबर कॉफी घेत होता. त्याला वाटलं, बाहेरची गर्दी धंद्याची आहे.

दुपारच्या नमाजाची वेळ झाली तरी लाल खुर्ची बाहेरच. आता तीत एक गृहस्थ बसले होते, मांडीवर कोट, पायाशी पिशव्या. माझ्या मनात आलं, काय नशीब या लोकांचं! एवढी माणसं पाठवली आणि बोहनी होत नाही. (माणसं पिशव्या घेऊन बाहेर येत होती हे खरं आहे. एर्कुतनेही नंतर मला हेच विचारलं. पण पिशवीवर विश्वास ठेवायचा की खुर्चीवर? आमच्या बाजारात पिशवी खोटी निघालेली मी पाहिली आहे, खुर्ची कधी नाही.) शेवटी मला राहवेना. मी उठले आणि स्वतःच समोर गेले.

गल्ल्यावर गुलाय नावाची पोर होती, घामाघूम, केस विस्कटलेले. मी मोज्यांचा एक जोड तिच्यापुढे ठेवला.

‘आजी,’ ती म्हणाली, ‘तुमच्या छातीवर समोरच्या दुकानाचं नाव आहे.’

‘ठाऊक आहे. आमचंच आहे. तू पैसे घे आणि हनुवटीला घास.’

‘काय घासू?’

‘घास गं.’

बिचारीने घासले. मी म्हटलं, ‘झालं. आता खुर्ची आत घ्या.’ ती काहीतरी सांगत होती, पण तोवर मी खुर्चीपाशी पोचले होते.

‘उठा, दादा. बोहनी झाली.’

‘माझी बायको अजून आत आहे,’ ते गृहस्थ म्हणाले.

‘मग तुम्हीही आत चला.’

‘आत? नको हो. आत गेलो की विचारते, कसं दिसतंय.’ आणि त्यांनी दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली.

मी ओढू लागले. रक्षक धावत आला. मी म्हटलं, ‘बाळा, ती बाजू धर.’ त्याने धरली. मला वाटलं मदत करतोय, तो उलटीकडे ओढत होता. गृहस्थ मध्ये. त्यांची बायको तेवढ्यात बाहेर आली, हे सगळं पाहिलं, आणि नवऱ्याला म्हणाली, ‘तुला पाच मिनिटं एकटं सोडायची सोय नाही!’ आणि मग मला दिसलं की आमच्या दुकानाच्या दारात हालदुन बे उभे आहेत, त्यांच्या बाजूला यंत्रवाली दोन माणसं, आणि मागे एर्कुत, हातात कॉफीचा कप.

मी खुर्ची सोडली. गृहस्थ रक्षकाकडे सरकले.

हालदुन बेंनी शांतपणे विचारलं, ‘एर्कुत बे, या बाई कोण?’ वन्सं, मला वाटलं एर्कुत ओळख देणार नाही. तो म्हणाला, ‘माझी आई.’ लाजून नाही. शाळेत बापाचं नाव विचारल्यावर म्हणायचा तसं. मर्वेने मग सगळं सांगितलं. न विचारता, रडत. हालदुन बेंनी ऐकून घेतलं. म्हणाले, ‘ठीक आहे, झालं ते झालं. यापुढे त्यांना दुकानात येऊ द्यायचं नाही. कुठल्याच. तेवढं करारात घालू.’

एर्कुतने कप खाली ठेवला. ‘हालदुन बे,’ तो म्हणाला, ‘दुकान तिचं आहे. आपण तिच्याकडे आलोय.’

‘मग राहा तिच्याकडेच,’ हालदुन बे म्हणाले आणि निघाले. त्यांची माणसंही गेली. जाताना त्यांनी माझ्या लोकमाचं तबक निम्मं केलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. दिवसभर उभी होती. एर्कुतने मला टॅक्सीत बसवलं. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, ‘मोजे तुझ्यासाठीच घेतलेत.’ तो दार लावून परत मॉलमध्ये गेला.

दुसऱ्या दिवशी नोटरीकडे जायचं नव्हतं, म्हणून मी बाजारात गेले. झाडलं, खुर्ची बाहेर ठेवली, पुस्तक उघडलं, पण एकाच ओळीवर बसून राहिले. पोराच्या आयुष्याचं मी काय केलं, हेच डोक्यात. शिनासी उस्ता आले, माझं तोंड बघितलं आणि न बोलता परत गेले, यावरून समजा. मग एर्कुत आला. सूट, टाय, सगळं. माझ्याकडे न बघता मांडणीवरून राखाडी नाडीची पँट आणि स्वेटशर्ट उचलला आणि पडद्यामागे गेला. तो बाहेर येईना. मग एक लांब उसासा आला, आणि तो बाहेर येऊन बापाच्या जागेवर मांडी घालून बसला.

म्हणाला, ‘आई, मला चाळीस दुकानं नको होती गं.’

मी म्हटलं, ‘मग मेल्या, कोणाला हवी होती?’

‘बाबांना हवी असती असं वाटलं. त्यांचं नाव मोठं करायला नको? मला झोपच लागत नव्हती. डोळे मिटले की भाडी दिसायची. मागे कसं फिरायचं तेच कळत नव्हतं.’

‘तुझ्या बाबांना स्वतःच्या नऊ दुकानांची नावं ओळीने सांगता येत नव्हती. दर वेळी उशाक राहायचं.’

तो हसला, वन्सं. वर्षभरात पहिल्यांदा. हसता हसता मान भिंतीला टेकली आणि बसल्या जागी झोपला. दातांवर दात घासले नाहीत. गिऱ्हाईक आलं तर मी हळू आवाजात बोलले. शिनासी उस्ता पुन्हा डोकावले, म्हणाले, ‘झोपू दे, वहिनी, झोपू दे. जागा असला की नुसते आकडे बोलतो.’ दुपार टळल्यावर उठला तो ‘भूक लागली’ म्हणूनच. मी तरहानाचं सूप केलं होतं, तीन वाट्या प्यायला.

तर आता असं आहे की चाळीसचं बोलणं तिथेच राहिलं, दहा दुकानं आहेत. मॉलमधलं बुडत नाही आणि पोहतही नाही. वसंतापर्यंत बघू, नाही जमलं तर सोडू. मला तिथल्या गल्ल्यावर बसायला बंदी आहे, ती एर्कुतने हसत घातली आहे. बाजारातलं दुकान उघडं आहे. सूट तिथेच खुंटीला आहे, मी झटकून ठेवते.

आपली सगळ्यांची तब्येत सांभाळा. भावोजींना सांगा, ओलं फडकं पाठीला लावू नका. मोठ्यांच्या हातांना, लहानांच्या गालांना माझे ओठ. तुमच्या दुआ असू द्या.

तुमची वहिनी,
मेदिहा

ता. क. एर्कुत पुढच्या महिन्यात तुमच्याकडे दोन आठवडे विश्रांतीला येतो आहे. तिकीट काढलं आहे. त्याला पोटभर खाऊ घाला, भरपूर झोपू द्या, आणि कपड्यांच्या दुकानांवरून नेऊ नका. काचेसमोर थांबतो आणि शिवण बघतो.

ता. क. २. तो राखाडी स्वेटशर्ट तुम्ही आणला नसता तर ‘राहत’ झालंच नसतं, हे मी आता लेखी मान्य करते. हा कागद लग्नांत दाखवायला माझी हरकत नाही.

ता. क. ३. खरं म्हणजे पत्र यासाठीच लिहायला घेतलं होतं. गेल्या ऑगस्टमध्ये तुम्ही इथे होतात तेव्हा आपण तिघं थंड हवेसाठी मॉलमध्ये गेलो होतो. भावोजी ‘मेल्तेम’च्या बाहेर लाल खुर्चीत घोरत होते आणि तुम्ही फोटो काढलात. त्यात मी खुर्चीच्या मागे उभी आहे, पाठीवरच्या छोट्या पाटीवर बोट ठेवून ‘थकलेल्या नवऱ्यांसाठी’ असं मोठ्याने वाचते आहे आणि हसून हसून माझं तोंड वाकडं झालं आहे. तो फोटो तुम्ही चौकट करून बैठकीच्या खोलीत लावला आहे, असं भावोजी सांगत होते. वन्सं, एर्कुत यायच्या आत तेवढा भिंतीवरून काढा. पोरगा आता शांत झोपतो आहे. खोटं बोला असं मी म्हणत नाही. नुसतं विसरा. आपल्या वयात ते शोभूनही दिसतं.